जिन्याखालची हजेरी

"मापून पाहा नं, मॅडम," असं म्हणायचा आणि गळ्यातला टेप काढायचा. शिंप्याचा पिवळा टेप, पहिल्या चार इंचांचे आकडे पुसलेले. वाद कशाचाही असो, तो आधी मोजायचा आणि मग बोलायचा. माझ्या टेबलाची उंची त्याने मोजलेली आहे, आमच्या खिडकीची मोजलेली आहे, आणि एकदा तर उपकुलसचिव साहेबांच्या केबिनचं दार मोजलं, साहेब आत बसलेले असताना.

मला तो पहिल्यांदा अजिबात आवडला नव्हता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तुम्ही मला उगाच चांगली बाई समजायला नको.

मी मूळची अकोल्याची. वडील वकील, त्यामुळे घरात वरणभातासोबत कलमंही वाढली जायची. लग्न होऊन अमरावतीला आले आणि एका विद्यापीठाच्या परीक्षा विभागात लागले. विद्यापीठाचं नाव घेत नाही आणि तुम्हीही अंदाज बांधत बसू नका. मी सांगणार आहे तसे जिने सगळीकडे आहेत, तुम्ही स्वतः चढला असाल. वाढत वाढत मी अधीक्षक झाले. बहिःस्थ विद्यार्थी, म्हणजे घरी अभ्यास करून फक्त परीक्षेपुरते आमच्या आवारात येणारे, त्यांना कुठे बसवायचं ते मी ठरवायची. माझी बैठक व्यवस्था कधी चुकत नाही असा माझा लौकिक होता, आणि तो मी स्वतःच पसरवला होता.

त्या व्यवस्थेत माझं एक खास डोकं चाललं होतं: विशेष कक्ष. परीक्षेच्या अर्जात एक चौकट असे, 'दिव्यांग: होय / नाही'. होय म्हणणारे सगळे एका खोलीत. त्यांच्यातल्या काहींना लेखनिक लागतो, म्हणजे ते सांगणार आणि दुसरा लिहिणार. त्या आवाजाचा इतरांना त्रास नको म्हणून मी खोली निवडली ती अगदी शांत, कोपऱ्यातली. दुसऱ्या मजल्यावरची. लिफ्ट नाही. दहा वर्षं ही पद्धत चालली आणि दहा वर्षांत एकालाही, मला धरून, त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट एका बैठकीत माझं कौतुक झालं होतं, तेव्हा मी घरी जाताना पेढे नेले होते.

तो टेपवाला अकोटचा. बसस्टँडजवळ शिलाईचं दुकान, शाळेचे गणवेश शिवायचा. लहानपणी पोलिओ झालेला, दोन्ही पाय गेलेले, उजवा जास्त. कुबड्यांवर चालायचा आणि खांदे मात्र पहिलवानाचे. पंचेचाळिशीत बी.ए.ला नाव घातलं. मी विचारलं, "आता कशाला?" माझा स्वभावच तसा, तोंडातून निघून गेलं.

"तवा कॉलेज पहिल्या मजल्यावर होतं, मॅडम. आता म्हटलं, पाहू, खाली आलं काय."

पहिल्या वर्षी तो आला तेव्हा त्याला दोन गोष्टी कळल्या. एक, त्याला दुसऱ्या मजल्यावर जायचं आहे. दोन, आम्ही त्याला लेखनिक दिला आहे. होय म्हटलं ना अर्जात? मग झालं तर.

"मले हात हायेत बाप्पा," तो म्हणाला. "शिलाई करतो मी हातानं. तुमी मले पाय द्याचे, तं हात देऊन राहिले."

मी म्हणाले, "मिळतंय ते घ्या." लेखनिक म्हणून आलेली मुलगी बिचारी तीन तास त्याच्या बाजूला नुसती बसून राहिली. शेवटी त्याने तिला सांगितलं म्हणे, की बाई, तुह्या कुर्त्याची दुमड सुटत आली, घरी गेली की टाका घाल.

वर न्यायचं काम शिपायांचं. प्लास्टिकच्या खुर्चीत त्याला बसवायचं, एकाने पुढून धरायचं, एकाने मागून. मधल्या वळणावर खुर्ची खाली ठेवून दोघे दम खायचे, सुपारी-तंबाखूचा खर्रा तोंडात टाकायचे, की पुन्हा उचल. पाच पेपर, पाच वेळा वर आणि पाच वेळा खाली. शेवटच्या पेपराला कोणीतरी त्याचा फोटो काढला आणि आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'आमच्या कर्मचाऱ्यांचा सेवाभाव'. सगळ्यांनी टाळ्या टाकल्या. मी हात जोडलेलं चित्र टाकलं. फोटो फिरत फिरत अकोटलाही पोचला, हे मला फार उशिरा कळलं.

महिन्याभराने त्याचा अर्ज आला. सुरेख अक्षर, शिंप्याच्या पेन्सिलीनं आखलेल्या ओळी. सोबत सन २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याची मराठी झेरॉक्स, कलम सोळा आणि सतराखाली रेघ. मजकूर एवढाच की कायद्याप्रमाणे इमारतीत सहज जाता येईल अशी सोय करणं आणि परीक्षेच्या पद्धतीत गरजेपुरता बदल करणं ही संस्थेची जबाबदारी आहे, तरी पुढच्या वर्षी मला तळमजल्यावर बसवावे, लेखनिक नको.

अर्ज घेऊन तो स्वतः आला होता. मी वाचत होते तोवर त्याने जिन्याची एक पायरी मोजली.

"साडेसहा इंच. अशा चव्वेचाळीस. चोवीस फुटाले दोन इंच कमी. मापून पाहा नं."

"मला माहीत आहे जिना केवढा आहे," मी म्हणाले.

"तुमाले पायऱ्या माहीत हाय, मॅडम. मी उंची सांगून राहिलो." मग माझ्याकडे जरा निरखून म्हणाला, "तुमचा डावा खांदा उतरेल हाय. पर्स रोज तिकडंच अडकवता नं?"

मी अशी भडकले! आल्या आल्या कायदा शिकवतो, वर माझे खांदे मोजतो. तो गेल्यावर मी अर्जावर शेरा मारला: 'विशेष कक्षाची व्यवस्था अस्तित्वात आहे. सबब दप्तरी दाखल.' ज्यांनी सरकारी कचेऱ्या पाहिल्या आहेत त्यांना हे दोन शब्द समजावून सांगायला नकोत. दप्तरी दाखल म्हणजे कागद फाइलमध्ये गेला आणि फाइल कपाटात. शेरा लिहून झाल्यावर मी चहा मागवला. सांगायला शरम वाटते, पण मला अगदी बरं वाटलं होतं.

दुसऱ्या वर्षाची परीक्षा मे महिन्यात आली. आमच्याकडचा मे काय असतो ते मी सांगत नाही. साडेदहाला शिपाई धावत आला, "मॅडम, थे अकोटवाले खालीच बसले. खुर्चीत बसतच नाई."

मी खाली गेले. जिन्याच्या पहिल्या पायरीवर तो बसला होता. इस्त्रीची पँट, पांढरा सदरा, कुबड्या भिंतीला टेकवलेल्या, हातात हॉलतिकीट.

"पेपर खाली आणा, मॅडम. इथं खोली रिकामी हाय, मी पाहून आलो."

"प्रश्नपत्रिका नेमलेल्या खोलीबाहेर जात नाही. नियम आहे."

"मंग मले इथली खोली नेमून द्या. सही तुमचीच लागते."

"आता ऐन वेळी? उठा, ही दोघं उचलतील. गेल्या वर्षी नाही का गेलात?"

"उचलू नका," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "आपण नाई उचलून जात."

साहेबांना फोन लावला. साहेब बैठकीत. म्हणाले, तुमच्या लेव्हलवर बघा. माझ्या लेव्हलवर तेव्हा फक्त माझा राग होता. सही खरंच माझीच लागत होती. पाच मिनिटांचं काम होतं, एक कागद आणि एक कुलूप. मी ते केलं नाही. अडून बसतो म्हणजे काय, असं मनात होतं, आणि मी वर निघून गेले.

तो तीन तास बसला. मी दुपारी डब्यासाठी खाली उतरले तेव्हा त्याने कुबड्या बाजूला घेऊन मला वाट करून दिली. पेपर सुटल्यावर एका मुलाकडून प्रश्नपत्रिका मागून घेतली, सगळी वाचली, "सोपा होता," म्हणाला आणि अकोटच्या गाडीला गेला. हजेरीपत्रकावर पर्यवेक्षकाने त्याच्या नंबरापुढे लिहिलं, 'गैरहजर'. खाली मी सही केली.

मला वाटलं, संपलं. कसलं काय! दुसऱ्या पेपराला पुन्हा हजर, तीच पायरी, तशीच इस्त्री. पाचही पेपरांना आला. तिसऱ्या दिवशी तर आम्हाला सवय झाली. शिपाई त्याला माठातलं पाणी नेऊन देई, पोरं त्याच्या बाजूने चढत उतरत, आणि मीही. पाच दिवस, पाच गैरहजर, पाच सह्या.

त्याने दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार केली. मी ती वाचली तेव्हा चाटच पडले. मला वाटलं होतं, भरपाई मागेल, माझी चौकशी लावेल. मागण्या दोनच होत्या: परीक्षा तळमजल्यावर घ्यावी, आणि त्याच्याही आधी, मी पाचही दिवस हजर होतो, तरी 'गैरहजर' ही नोंद दुरुस्त करावी.

साहेब म्हणाले, "विद्यार्थी स्वेच्छेने गैरहजर राहिला, असं उत्तर करा." मी केलं. कार्यालयीन मराठी लिहावी तर मी. त्या उत्तरात 'सौहार्दपूर्ण' हा शब्दसुद्धा होता.

सुनावणी कॉम्प्युटरवरून झाली. इकडे साहेब आणि मी, एका चौकटीत सुनावणी घेणारे अधिकारी, आणि एका चौकटीत अकोटचं दुकान. मागे गणवेशांची चळत, बाजूला त्याची बायको मशीनवर. मशीनचा आवाज इतका, की अधिकाऱ्यांना काही ऐकू येईना.

"बंद कर वं जरा," तो म्हणाला.

"शाळा उद्या न्याले येते," ती म्हणाली, पण पाय थांबवला नाही, नुसता हळू केला.

अधिकाऱ्यांनी विचारलं, "विद्यापीठाचे लोक तुम्हाला उचलून न्यायला तयार होते. पहिल्या वर्षी तुम्ही गेलातही. मग या वेळी का नाही?"

तो गळ्यातल्या टेपचं टोक बोटाला गुंडाळत राहिला.

"साहेब, हे मी लेखी नाई टाकलं. लेखी टाकाची गोष्ट नाई थे." मग म्हणाला, "मी माही पँट मीच शिवतो. आतून पट्टी लावतो, कापूस भरतो, दोनी पाय सारखे दिसले पाहिजे असं. बावीस वर्ष झाले लग्नाले. हिच्याशिवाय माहे पाय कोणी पाह्यले नाई. त्या फोटोत पँट गुडघ्यापर्यंत सरकेल होती. अकोटात ज्याईले मी कपडे शिवतो, थ्या सगळ्याईनं पाह्यला थो फोटो. माह्या पोरीनं पाह्यला."

मशीन थांबलं होतं.

"चढता येत नाई, याची लाज नाई मले," तो म्हणाला. "पण उचलून नेलं की कपडा आपल्या हातात राहत नाई."

मला तो फोटो आठवला. त्याखाली मी जोडलेले हात आठवले. खरं सांगते, फोटोत मी त्याचा पाय पाहिलासुद्धा नव्हता, शिपायांचे चेहरे पाहिले होते.

अधिकारी साहेबांना म्हणाले, "विद्यार्थी त्या दिवसांत आवारात होता का?"

"अभिलेखाप्रमाणे गैरहजर," साहेब म्हणाले.

"मॅडम, केंद्रावर तुम्ही होतात. तुम्ही सांगा."

माझ्यापुढे माझंच सुंदर उत्तर होतं, वाचून दाखवलं असतं की झालं. पण माझ्या तोंडून निघालं, "हजर होते, सर. पाचही दिवस. जिन्याच्या पहिल्या पायरीवर. मी त्यांच्या बाजूने रोज चढले आणि उतरले. खालची खोली रिकामी होती आणि सही माझीच लागत होती."

साहेबांनी मान वळवून माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुढचे दोन महिने त्यांच्या केबिनमध्ये बसले नाही, उभीच राहिले. कारणे दाखवा नोटीसही मिळाली. तिलाही मी उत्तम मराठीत उत्तर दिलं. पण पडद्यावर तो काय करत होता, ते मी विसरणार नाही. तो बायकोकडे वळून म्हणत होता, "आयकलं? हजर म्हणाल्या मॅडम."

आदेश आला. पाच पेपर पुन्हा, तळमजल्यावर. पाचही हजेरीपत्रकांवर मी माझ्या हाताने लिहिलं, 'विद्यार्थी हजर होता. बसण्याची सोय न केल्यामुळे परीक्षा देता आली नाही.' तो बघायला आला. पाचही ओळी वाचल्या, झेरॉक्स मागितल्या, प्लास्टिकच्या फाइलमध्ये घातल्या. मला वाटलं, आता काहीतरी टोचून बोलेल. माझी तयारीही होती.

"अक्षर चांगलं हाय तुमचं," म्हणाला.

मग आमचं जमलं. कसं ते विचारू नका, भांडता भांडता जमलं. परीक्षेचा अर्ज मी नव्याने करायला घेतला: पायऱ्या चढता येतात का, लेखनिक हवा का, वेळ वाढवून हवा का, अशा चौकटी पाडल्या आणि मोठ्या ऐटीत त्याला दाखवल्या. त्याने वाचलं आणि डोकं खाजवलं.

"एवढं कायले, मॅडम? तुमाले काय लागते, असं इचारा अन् चार ओळी रिकाम्या सोडा. माणूस सांगते नं आपलं आपण."

तसंच केलं. त्या चार ओळींत लोक काय काय लिहू लागले! एका मुलीने लिहिलं, खिडकीकडे पाठ करून बसवा, उजेडाने डोळे दुखतात. दहा वर्षं मी 'होय' वाचत होते.

तळमजल्याच्या प्रत्येक खोलीचं दार त्याने मोजलं. दोन दारांतून चाकाची खुर्ची जात नाही असं निघालं. बांधकाम विभाग म्हणाला, जाते. "मापून पाहा नं," हा म्हणाला आणि टेप इंजिनिअरच्याच हातात दिला. तेव्हा साहेबांच्या केबिनचं दारही मोजून झालं. ते मात्र चांगलं रुंद होतं.

बी.ए. झाला त्या दिवशी माझ्यासाठी एक कापडी पिशवी घेऊन आला. निळी, गणवेशाच्या कापडाची, पट्टा चांगला लांब.

"आडवी घालाची, मॅडम. मंग खांदा नाई उतरत."

"माप कधी घेतलंत?"

"पाच दिवस जाता-येता पाहून राहिलो होतो नं," तो म्हणाला आणि हसला. मला हसू आलं नाही. मी पिशवी घातली, पट्टा बरोब्बर बसला.

एम.ए.ला नाव घातलं, राज्यशास्त्र. या हिवाळ्यात पहिली परीक्षा होती. तळमजला, खोली क्रमांक दोन, दाराजवळचा बाक. आदल्या दिवशी मी स्वतः नंबर चिकटवला आणि बाकाची उंची पाहून घेतली, नाहीतर आल्या आल्या टेप काढेल.

साडेदहा झाले. पावणेअकरा झाले. अकराला घंटा झाली आणि बाक रिकामा. मला वाटलं, आता काय चुकलं आपलं? उंबरा राहिला का? कोणी वरची खोली सांगितली का? तशीच लगबगीने जिन्याकडे गेले. पायरीवर नक्की बसला असणार, आता भांडणार, अशी माझी खात्री होती. भांडू दे बाबा, म्हटलं.

पायरीवर कोणी नव्हतं.

दुकानाचा नंबर लावला. बायकोने उचलला. "गेले, मॅडम. आठ दिस झाले. छातीत दुखलं, अकोल्याले नेऊन राहिलो होतो, रस्त्यातच..." मग म्हणाली, "हॉलतिकीट आरशाले लावून ठेवेल हाय. पँटले इस्त्री करून ठेवली होती पेपरासाठी. थेच घालून नेलं."

मी टेबलाशी येऊन बसले. थोड्या वेळाने पर्यवेक्षक हजेरीपत्रक घेऊन आला. त्या नंबरापुढे त्याने लिहिलं होतं, 'गैरहजर'. खाली माझ्या सहीची जागा.

खोली तळमजल्यावर होती, दार रुंद होतं, बाक बरोबर उंचीचा होता. मी सगळं पुन्हा एकदा मनाशी तपासलं, कुठे काही चुकलेलं सापडतं का ते पाहिलं. सापडलं असतं तर सही केली नसती. मग सही केली.